चौसष्ट नाणी धुतली

३ फेब्रुवारी, सोमवार

नाणेसंग्राहक मंडळाचं पत्र आलं. हे खिडकीशी बसले होते. पाकीट फोडलं, कागद उलगडला, थोडा वेळ नुसता धरून ठेवला आणि माझ्यापुढे केला. "तू वाच. माझा चष्मा आत राहिलाय." चष्मा नाकावरच होता. मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. एरवी हसले असते, आज हसले नाहीत.

बातमी मात्र चांगली आहे. ९ मार्चला, रविवारी मंडळाचं दर दोन वर्षांनी होणारं प्रदर्शन आहे आणि यंदा यांना स्वतंत्र टेबल दिलंय. चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या टेबलांपुढे हात मागे बांधून उभा राहिला. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा साधा कंपॉझिटर, त्याला कोण टेबल देतंय! आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक नाणं हातात घेऊन त्याची हकीकत सांगायची. मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. "अजून एकदा," म्हणाले. लेकीच्या लग्नातही इतके खूश नव्हते.

संध्याकाळी जुना अल्बम काढला. मऊ प्लास्टिकची पानं, त्याला खिसे, खिशांत नाणी. सगळी चिकट झालीत, वर हिरवट बुळबुळीत थर. यांनी बोट फिरवलं आणि चेहरा पडला. मी म्हटलं, तीस वर्षं मी लॅबमध्ये काचेची भांडी धुतली, रक्त सुकलेल्या नळ्या आरशासारख्या करून दिल्या, तिथे तुमची नाणी काय चीज आहेत!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाच्या चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं कसला तरी तेलकट घाम सोडतं, तो नाण्यावर बसतो. पाण्यानं जात नाही. शुद्ध ॲसिटोन लागतं. नखांवरचा रंग काढायला दुकानात मिळतं ते नको, त्यात वास आणि तेल घातलेलं असतं. मला हे कोण शिकवणार! पण ऐकून घेतलं.

दुपारी रसायनांच्या दुकानातून अर्ध्या लिटरची बाटली आणली. दोन्ही खिडक्या उघड्या, शेगडी बंद, दोन काचेच्या वाट्या, टोकाला रबर लावलेला चिमटा. पहिल्या वाटीत नाणं बुडवलं आणि दहा मिनिटं हात बांधून बसले. हिरवं आपोआप सुटलं. मग दुसऱ्या, स्वच्छ वाटीत बुडी, मग मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपायचं. हे मागे उभे राहून एकच पालुपद लावून होते. "चोळू नकोस. चोळलं की नाणं मेलं." मी म्हटलं, माहीत आहे, बसा तुम्ही.

तीन नाणी झाली. यांच्या तळहातावर ठेवली. यांनी ती बघितलीसुद्धा नाहीत, अंगठ्यानं कुरवाळत बसले. म्हणाले, "चिकटपणा गेला बघ." तेवढंच. डोळ्यांनी बघून वा म्हणायला काय जातं माणसाचं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अल्बममधली एकतीस नाणी पूर्ण. मला या कामाची चटकच लागली आहे. निवृत्त झाल्यापासून असं काही हाताला लागलंच नव्हतं, ज्याचा डाग गेला की गेला, पुन्हा संध्याकाळी येऊन बसत नाही.

सकाळी यांनी चहा ओतला तो कप भरून बशी भरून टेबलावर. मी म्हटलं, "अहो, डोळे कुठे होते तुमचे?" किटली हातातून घेतली आणि सांगितलं, उद्यापासून चहा मीच ओतणार. दिवाणखान्यातला दिवा मंद झालाय असं म्हणत होते, म्हणून दुप्पट उजेडाचा आणून लावला. आता माझे डोळे दिपतात आणि यांची तक्रार तीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमचे साहेब हल्ली ओळख देत नाहीत, काही चुकलं का आमचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन चांगलं सुनावलं. टेबल काय मिळालं, लगेच शिष्टपणा आला! तर म्हणतात, "बोलल्या असत्या तर ओळखलं असतं." म्हणजे आता लोकांनी आधी वर्दी द्यायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी शिजतंय. आज मी बाहेरून आले तेव्हा हे लेकीशी फोनवर बोलत होते. दार वाजताच "बरं, ठेवतो" करून फोन ठेवला. मी विचारलं, कुणाचा? म्हणाले, चुकीचा नंबर. चुकीच्या नंबरला कुणी "बाळ" म्हणतं का?

पंधरा दिवस बघते आहे, माझ्याशी बोलताना नजरेला नजर देत नाहीत. कुठेतरी माझ्या कानापाशी बघून बोलतात. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही, कारण त्यांना ते येतच नाही. नजर चुकवतात तेव्हा मला बरोबर कळतं. हे घर विकून लेकीच्या शहरात जायचं दोघांनी ठरवलंय की काय? मला न विचारता?

१६ फेब्रुवारी, रविवार

अल्बम संपला, तशी मी लाकडी पेटी मागितली. या पेटीत यांची निवडक चौसष्ट नाणी आहेत, आठ ओळी, ओळीत आठ खळगे, खळग्यात मखमल. प्रदर्शनात हीच मांडायची आहेत. पेटी यांनी पोटाशी धरली. "हिला हात लावायचा नाही."

"अहो, पण चिकट झाली असतील तर?"

"नाहीत झाली. तू लावूच नकोस हात."

मी इतके दिवस वाकून वाकून मान मोडून घेतली, त्याचं हे फळ. यांच्या कपाटात एक नेलपॉलिशची बाटलीही सापडली, रंग नसलेली, तळाला थोडी उरलेली. लेकीची असणार, ती कुठेही काहीही विसरते. उचलून आरशाखालच्या खणात टाकली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लेक गाडी घेऊन आली आणि यांना घेऊन गेली. दोन दिवस. पेन्शनच्या मोठ्या कार्यालयात म्हणे कागद द्यायचेत. मी म्हटलं, मीही येते. दोघं एकदम म्हणाले, "नको." मग लेक म्हणाली, "आई, तुला उगाच दगदग." दगदग! तीस वर्षं उभ्यानं नोकरी केली तेव्हा कुठे गेली होती दगदग?

रडू आलं ते रडून घेतलं. घर झाडलं, पडदे धुतले, भांड्यांचं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. चार वाजता लाकडी पेटी उघडली. नुसती बघायला, असं स्वतःला सांगून.

बरं झालं उघडली. भिंगाखाली धरलं तर जवळजवळ प्रत्येक नाण्याच्या कडेला पारदर्शक कडक थेंब! म्हणजे इथेही तीच कीड. जुन्या कुठल्या डिंकाची असावी. कुठे एक थेंब, कुठे दोन, कुठे तीन आणि तेही अगदी एका रेषेत. डिंकालासुद्धा शिस्त असते म्हणायची. आणि हा माणूस ही नाणी अशीच टेबलावर मांडायला निघाला होता. मंडळाचे लोक भिंग लावून बघतात, पहिल्या नाण्यालाच नाक मुरडलं असतं. चाळीस वर्षांनी मिळालेलं टेबल आणि वर हसं.

ठरवलं. येतील तेव्हा सगळी लख्ख झालेली असतील. मग बघू नजरेला नजर कशी देत नाहीत ते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली! चौसष्टच्या चौसष्ट!

हा चिकटा अल्बमपेक्षा हट्टी होता. हिरवं दहा मिनिटांत सुटायचं, हे थेंब थरावर थर चढवल्यासारखे, वरचा विरघळला की खाली दुसरा. एकेका नाण्याला तीन-तीन बुड्या. दुकानात जाऊन आणखी एक बाटली आणावी लागली. पण चोळलं नाही, एकदाही नाही. दहा-दहाच्या तुकड्या केल्या, नुसतं भिजवलं आणि टिपलं. शेवटी बोट फिरवून बघितलं, एका कडेवरही काही लागलं नाही.

प्रत्येक खळग्यात नाण्याखाली यांच्या हातची चिठ्ठी होती. त्या भिजू नयेत म्हणून आधीच काढून एका पाकिटात ठेवल्या. परत लावताना वाटलं, यांची मांडणी अगदीच वेडीवाकडी होती, मोठ्याशेजारी चिमुकलं, रुप्याशेजारी तांबं. लॅबमध्ये मी भांडी मापानं लावायची, तशी लावली. वर रुपेरी, खाली तांबडी, मोठ्याकडून लहानाकडे. काय देखणी दिसते पेटी! चिठ्ठ्या काय, हे डोळे झाकून लावतील.

कमरेचा काटा ढिला झालाय. पण समाधान वाटतंय, खोटं कशाला बोलू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी परत आले. लेक दारातूनच गेली, चहालाही थांबली नाही, डोळे सुजल्यासारखे वाटले. हे थकलेले. मी धीर धरू शकले नाही, पेटी मांडीवर ठेवली आणि म्हटलं, उघडा.

यांनी झाकण उघडलं. पहिल्या खळग्यातलं नाणं उचललं. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा, मग उलट्या बाजूनं. ते ठेवलं, दुसरं उचललं. मग तिसरं. अशी एक अख्खी ओळ. मी आपली वाट बघते आहे.

"काय केलंस तू?"

"धुतली! सगळ्यांवर डिंक बसला होता, दिसला नाही तुम्हाला?"

"सगळी?"

"चौसष्टच्या चौसष्ट."

"जागेवर ठेवलीस ना? होती तशी?"

"होती त्याहून चांगली ठेवलीत. आणि चिठ्ठ्या पाकिटात आहेत, एकसुद्धा भिजू दिली नाही."

झाकण लावलं. पेटीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "दमली असशील. जेवून घे." माझं चुकलं तर ओरडावं ना माणसानं! न विचारता हात लावला, कबूल आहे. पण कुणासाठी लावला?

२४ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस पेटी मांडीवर आणि हे खुर्चीत. एकेक नाणं घेतात, बोटांत घोळवतात, ठेवतात. डोळे मिटलेले. मी विचारलं, जप चाललाय का? म्हणाले, "पाठ करतोय." चाळीस वर्षं जी नाणी तोंडपाठ आहेत ती आता काय पाठ करायची? चिठ्ठ्या लावून देऊ का म्हटलं, तर नको म्हणाले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चिटणीस आले होते, प्रदर्शनाची यादी पक्की करायला. भला माणूस, वयानं यांच्यापेक्षा लहान, यांना "गुरुजी" म्हणतो. मी पेटी टेबलावर मांडली. ते बघतच राहिले. "वहिनी, काय काम केलंय! एक ओरखडा नाही." ऐकलंत ना, असं मी यांच्याकडे बघून म्हटलं.

"गुरुजी, पहिलं कुठलं मांडणार?"

यांनी पहिल्या खळग्यातलं उचललं. अंगठा फिरवत बसले, बराच वेळ. मग सांगायला लागले. जहाजाचं नाणं. कसं छापखान्यात पगाराच्या सुट्ट्या पैशांत हाताला लागलं, कसं त्यावर शिडं तीनऐवजी चार आहेत, टाकसाळीतल्या कुणाचा तरी हात चुकला म्हणून. फार सुंदर सांगत होते. आवाज छापखान्यातल्या दिवसांसारखा झाला होता.

चिटणीस यांच्या हाताकडे बघायला लागले. मी वाकून बघितलं तर यांच्या हातात गव्हाच्या ओंबीचं नाणं! मला हसूच फुटलं. "अहो, कसलं जहाज? ओंबी आहे ती! जहाज इकडे, दुसऱ्या ओळीत." यांच्या हातातलं काढून घेतलं आणि बरोबर नाणं ठेवलं.

हात तसाच उघडा राहिला. जहाज त्यात होतं, पण बोटं मिटली नाहीत. चिटणिसांनी चहा घाईघाईनं संपवला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तर ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, मग "जपा त्यांना" एवढंच म्हणाले. जपतेच आहे. माझं दुसरं काम काय आहे?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यांनी चिटणिसांना फोन करून सांगितलं, टेबल दुसऱ्या कुणाला द्या. मी समोरच उभी होते. भांडले, विनवण्या केल्या, वाट्टेल ते बोलले. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते एका चुकीपायी सोडायचं? माणसं चुकत नाहीत का? "रागावला आहात ना माझ्यावर? मग मला शिक्षा करा, टेबलाला कशाला?" असंही म्हटलं.

"राग नाही," एवढंच उत्तर.

१ मार्च, शनिवार

लेक आली. हे आत झोपले होते. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, घर विकताय ना? सांगून टाक एकदाचं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला खरंच कळलं नाही?"

मग सांगितलं. यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काही दिसत नाही. कडेकडेनं दिसतं, म्हणून चालता येतं, दार सापडतं. पण समोर धरलेलं अक्षर नाही, चेहरा नाही, नाणं नाही. दोन वर्षं झाली सुरू होऊन. पेन्शनचं काम नव्हतं, नेत्रचिकित्सालयात गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उपाय नाही. आहे तेही कमी होत जाईल.

"आणि नाण्यांवरचे थेंब," लेक म्हणाली, "ते नेलपॉलिश होतं. मीच आणून दिलं होतं. बाबांनी दोन वर्षांपूर्वी भिंगातून थोडं दिसत होतं तेव्हा एकेक नाण्यावर खुणा केल्या. एक थेंब म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक, कुठल्या बाजूला त्यावरून वर्ष. खिळे जसे बोटांनी ओळखायचे तसं. अंधारात हात घालून कुठलंही नाणं सांगायचे मला. ते एकदा टेबलामागे उभे राहणार होते, आई. कुणाला काही न कळता. एकदाच."

मी ओट्याला धरून उभी होते. कप, दिवा, समोरच्या बाई, पत्र, सगळं डोक्यात एकदम गर्दी करून आलं. डोळे कुठे होते तुमचे, असं मी विचारलं होतं. मीच विचारलं होतं.

२ मार्च, रविवार

आज बोलले यांच्याशी. म्हणजे आधी अर्धा तास नुसती रडले आणि यांनीच मला पाणी दिलं, पेला अर्धाच भरून, सांडू नये म्हणून. हल्ली पेला ते नेहमी अर्धाच भरतात. मला ते आज दिसलं.

विचारलं, लेकीला सांगितलं, मला का नाही?

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू मला आंघोळ घातली असतीस," म्हणाले. चेष्टेनं नाही. "तुझा जीव आहे माझ्यावर, ठाऊक आहे. पण तुला अर्धवट करता येत नाही. किटली घेतलीस. म्हटलं, ही आता काय काय घेईल."

खोटं थोडंच आहे. त्या क्षणीसुद्धा मनात हेच चाललं होतं की उद्यापासून यांची दाढी मी करीन.

मग नाण्यांबद्दल म्हणाले, "नाण्याला नेलपॉलिश लावणारा संग्राहक जगात मी एकटाच असेन. लाज वाटायची. पण ॲसिटोननं निघतं, खाली काही होत नाही, हे माहीत होतं. म्हणून तर लावलं. म्हटलं, मी गेल्यावर कुणीतरी धुवून घेईल."

आणि मी ते जिवंतपणीच धुतलं. पेटीला हात लावू नको म्हणाले होते तेव्हा का, एवढं एका शब्दानं विचारलं असतं तर! पण मी कधी विचारते? मला डाग दिसला की मी हात घालते. लोक कौतुक करतात, मी आणखी घासते. स्वतःचा इतका राग आयुष्यात आला नव्हता.

दुपारी चिटणिसांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं नाही, यांनी बजावलं होतं. टेबल परत मिळेल का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, वहिनी, कालच यादी छापायला गेली, त्या जागी दुसरे आले. पुढचं प्रदर्शन आता दोन वर्षांनी. मी बरं म्हटलं. यांना सांगितलं तर हेही बरं म्हणाले. दोन वर्षांनी काय असेल ते दोघांनाही ठाऊक आहे.

५ मार्च, बुधवार

नवीन खुणा करायला घेतल्यात. नेलपॉलिशच्या दोन नव्या बाटल्या आणल्या. मला वाटलं सोपं आहे, चिठ्ठ्या आहेत, नाणी आहेत, जोड्या लावायच्या. चिठ्ठीवर वर्ष आणि टाकसाळीची खूण, आणि निम्म्या नाण्यांवर ती झिजून गेलेली. मग यांनीच ओळखायचं आणि मी वर्णन करायचं.

"काय दिसतंय?"

"डोकं आहे."

"कुणाचं? पुरुषाचं की बाईचं? कुठल्या बाजूला बघतंय? कान दिसतो की केसांखाली गेलाय?"

मी भिंग लावून कान शोधते. पस्तीस वर्षं ही नाणी घरात आहेत, त्यांच्यावरची धूळ मी पुसली, आणि कुठल्या डोक्याला कान आहे ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांत चौसष्ट धुतली, एकही बघितलं नव्हतं.

थेंब तेच लावतात. ब्रश एका हातात, दुसऱ्या हाताच्या नखानं कड धरून. दहातले चार थेंब चुकीच्या जागी पडतात, मग ॲसिटोन, मग पुन्हा. माझे हात शिवशिवतात. एकदा मनगट धरायला गेलेच, तर ब्रश खाली ठेवून थांबले. मी हात मागे घेतला तेव्हा पुन्हा उचलला. आज अकरा झाली.

८ मार्च, शनिवार

अडतीस नाणी झाली. सात अशी आहेत की कुठली ते दोघांनाही ठरवता येत नाही, अगदी गुळगुळीत. उरलेली बघू. उद्याचा सदरा त्यांनी आधीच इस्त्री करून आणलेला होता, तो कपाटातून काढून परत ठेवताना मी त्यांना बघितलं. मला जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

प्रदर्शन दहाला सुरू होणार होतं. साडेनऊपासून हे घड्याळाचे ठोके मोजत बसले होते. मला ते बघवेना. जेवणाचं टेबल ओढून खिडकीशी घेतलं, त्यावर पांढरी चादर अंथरली, पेटी मांडली. म्हटलं, तो सदरा घाला.

"कशाला?"

"घाला म्हणते ना."

कधी नव्हे ते ऐकलं. बटणं स्वतः लावली, एक वरखाली झालं, मी हात लावला नाही. मग मी चपला घालून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहून मला वाटलं, म्हातारपणी काय हा खुळेपणा, समोरच्या बाई बघतील. तरी घंटा वाजवली. बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं.

"इथे नाण्यांचं प्रदर्शन आहे असं ऐकलं," मी म्हटलं.

यांना कळायला क्षणभर लागला. तोंड फिरवतील असं वाटलं. पण बाजूला झाले. "या बाई. चपला काढल्या नाहीत तरी चालेल. नाण्यांना मात्र हात लावू नका."

टेबलामागे जाऊन उभे राहिले, ताठ. मी या बाजूला. पहिल्या ओळीतलं पहिलं उचललं, अंगठा फिरवला, थेंब सापडला. ओंबी. मग जहाज, चार शिडांसह. मी परक्यासारखे प्रश्न विचारले, काही मुद्दाम येडचाप. हे खरं का हो रुप्याचं? घरी बायको ओरडत नाही का एवढा पसारा करता म्हणून? "ओरडते," म्हणाले, "पण धुऊनही देते." हसलो दोघं. अशी सात नाणी बरोबर सांगितली. मला त्यातली पाच हकिकती माहीतच नव्हत्या.

आठवं उचललं. अंगठा थांबला, पुढे गेला, परत आला. थेंबाचा टवका उडाला असणार. "हे भोकाचं," म्हणाले आणि सांगू लागले. भोकाच्या नाण्याला मध्ये भोक असतं, ते बोटालाही कळलं असतं, पण सांगण्याच्या भरात त्यांनी कडेवरून बोट हलवलंच नाही. हातात मुकुटाचं होतं. मनात म्हटलं, आजचा दिवस कशाला मोडायचा, जाऊ दे. त्यांचं सांगणं पूर्ण झालं. "वा," मी म्हटलं.

थांबले. "चुकलं ना?"

मी चादरीवरची सुरकुती सरळ करत राहिले.

"तू इतक्या लवकर कधी वा म्हणत नाहीस. चुकलंय." नाणं मुठीत धरून म्हणाले, "हे बघ. चुकलं तर सांगत जा. कायम सांग. मला दुसरं कोण सांगणार आहे? फक्त हातातून काढून घेऊ नकोस."

माझे दोन्ही हात चादरीवर होते, ते मी तिथेच राहू दिले. "मुकुटाचं आहे," मी म्हटलं. "तुमच्या उजव्या अंगठ्याखाली त्याची टोकं आहेत."

त्यांनी मूठ उघडली, अंगठा टोकांवरून हळूहळू नेला, पाचही मोजली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.